जलपर्णी: चालक की प्रवासी? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

फेब्रुवारी संपत आला की चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधी मंदिराजवळ पवनेच्या घाटावर जाऊन बघा. पाणी दिसायला हवं तिथे हिरवीगार पानं दिसतील, मध्ये मध्ये जांभळी फुलं. पहिल्यांदा बघणाऱ्याला छान वाटतं. काठावर राहणाऱ्यांना मात्र संध्याकाळी खिडक्या बंद कराव्या लागतात, कारण डास. मार्चमध्ये आंदोलनं होतात, पेपरात फोटो येतात, ठेके निघतात, पोकलेन उतरतो. जूनमध्ये पाऊस येतो आणि उरलेली जलपर्णी पुराबरोबर खाली निघून जाते. पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा तेच.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी सिनॉप्सिसचं शीर्षक लिहिलं होतं: ‘जलपर्णीचा पवना नदीच्या परिसंस्थेवर होणारा परिणाम’. गाईडनी ‘परिणाम’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारलं, "हे तू आधीच ठरवून टाकलंयस का?" तेव्हा मला राग आला. उत्तर सगळ्यांना माहीतच आहे असं मला वाटत होतं. बाहेरून आलेली वनस्पती, तिने नदी गिळली, झालं. पण जुने कागद वाचायला लागल्यावर कळलं की हा प्रश्न किमान शंभर वर्षं जुना आहे, आणि प्रत्येक वेळी त्याचं उत्तर तो कसा विचारला यावर ठरलंय. तुमच्यापैकी जे पेटची तयारी करताय किंवा सिनॉप्सिस लिहिताय, त्यांच्यासाठी हा इतिहास इथे मांडतोय.

आधी नाव शोधा

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ मार्टियस १८१७ ते १८२० या काळात ब्राझीलमध्ये फिरला आणि त्याने तिला ‘पॉन्टेडेरिया क्रॅसिपेस’ असं नाव दिलं. पुढे १८४० च्या दशकात कुंटने प्रशियाचा एक मंत्री आयकहॉर्न याच्या नावावरून ‘आयकॉर्निया’ ही प्रजाती तयार केली आणि १८८३ मध्ये जलपर्णी त्यात गेली. सगळी पाठ्यपुस्तकं ‘आयकॉर्निया क्रॅसिपेस’ म्हणतात ती यामुळे. २०१८ मध्ये वर्गीकरण पुन्हा तपासलं गेलं आणि तिला परत पॉन्टेडेरियात टाकण्यात आलं. म्हणजे लिटरेचर सर्च करताना एकच नाव टाकलंत तर अर्धे पेपर हातातून निसटतील. बंगालमधले १९३० च्या आसपासचे लेख तर ‘आयकॉर्निया स्पेसिओसा’ या तिसऱ्याच नावाने आहेत. स्थानिक नावांचंही तसंच. आपण जलपर्णी म्हणतो, कोल्हापूरला रंकाळ्यावर लोक केंदाळ म्हणतात, बंगालीत ती कचुरीपाना आहे.

ती जगभर पसरली ती तिच्या फुलांमुळे. बागेतल्या हौदासाठी लोकांनी नेली, हौदातून तळ्यात, तळ्यातून नदीत. १८९० च्या दशकात अमेरिकेतल्या फ्लोरिडा आणि लुइझियानातल्या नद्यांमध्ये बोटी अडकायला लागल्या. १९१० मध्ये लुइझियानाचे एक खासदार ब्रूसार्ड यांनी संसदेत चक्क असं विधेयक आणलं की आफ्रिकेतून पाणघोडे आणावेत. ते जलपर्णी खातील आणि लोकांना मांसही मिळेल! ते मंजूर झालं नाही. हसू येतं, पण त्यामागचा तर्क नीट बघा: शत्रू ठरलाय, आता फक्त शस्त्र शोधायचं.

बंगाल: समिती आणि कायदा

आपल्याकडे जलपर्णी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये पोचली आणि पहिल्या महायुद्धापर्यंत तिने खाड्या, बिलं आणि भातखाचरं व्यापली. लोक तिला ‘जर्मन पाना’ म्हणायला लागले, म्हणजे शत्रूने सोडलेली वनस्पती. १९२१ मध्ये सरकारने समिती नेमली. अध्यक्ष कोण, तर जगदीशचंद्र बोस. त्या काळी वनस्पतींवर काम करणारा यापेक्षा मोठा माणूस देशात नव्हता. १९३६ मध्ये बंगालने जलपर्णीविरुद्ध स्वतंत्र कायदाही केला आणि आपापल्या जमिनीतली, पाण्यातली जलपर्णी काढायची जबाबदारी लोकांवर टाकली.

तरीही जलपर्णी गेली नाही. का गेली नाही, यावर इतिहासकार इफ्तेखार इक्बाल यांचं २०१० मध्ये आलेलं ‘द बेंगॉल डेल्टा’ हे पुस्तक वाचा. त्यात रेल्वे आणि पाण्याची व्यवस्था यावर एक प्रकरण आहे आणि जलपर्णीशी झालेल्या लढाईवर दुसरं. दोन्ही सलग वाचा. रेल्वेचे भराव जिथे वाहतं पाणी अडवतात, तिथे साचलेलं पाणी तयार होतं, आणि साचलेलं पाणी हेच जलपर्णीचं घर. पण समितीपुढचा प्रश्न होता ‘ही वनस्पती नष्ट कशी करायची?’ त्या प्रश्नात भराव येतच नाहीत.

आघारकरांचा छोटा प्रश्न

याच काळात कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते शंकर पुरुषोत्तम आघारकर. जन्म १८८४, मालवणचे. पहिल्या महायुद्धाच्या वेळी ते जर्मनीत होते आणि तिथे त्यांना नजरकैदेत राहावं लागलं. पुढे १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी सुरू झाली तेव्हा ते तिचे पहिले संचालक झाले. आज ती संस्था आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते.

१९३० मध्ये आघारकर आणि बॅनर्जी यांनी ‘ॲग्रिकल्चरल जर्नल ऑफ इंडिया’मध्ये एक पेपर लिहिला. विषय: जलपर्णीतलं परागण आणि बीजधारणा. एवढंच. ना ‘बंगालचं संकट’, ना ‘उपाययोजना’.

हा प्रश्न मला फार शहाणपणाचा वाटतो. जलपर्णी मुख्यतः फुटव्यांनी वाढते. एका रोपाला आडवे फुटवे येतात, त्यांना नवी रोपं. पण तिला बियाही धरत असतील तर हिशेबच बदलतो. बी तळाच्या गाळात जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं जिवंत राहू शकतं. मग तुम्ही वरची सगळी रोपं काढलीत, अगदी शेवटचं पानसुद्धा, तरी नदी स्वच्छ झाली असं म्हणता येत नाही. म्हणजे कायद्याने काढायला लावायचं की नाही, या मोठ्या प्रश्नाचं उत्तर या छोट्या प्रश्नावर अवलंबून होतं. प्रश्न असा निवडावा: हाताने तपासता येईल एवढा लहान, आणि त्याच्या उत्तराने कुणाचा तरी निर्णय बदलेल असा.

फुटव्यांचं गणित तुम्ही स्वतः करून बघा. चांगल्या परिस्थितीत जलपर्णी एक ते दोन आठवड्यांत दुप्पट होते. आपण १२ दिवस धरू. १ चौरस मीटरचा पुंजका १२० दिवसांत दहा वेळा दुप्पट होईल, म्हणजे १,०२४ चौरस मीटर. आता उलट बाजूने बघा. ठेकेदाराने ९९ टक्के जलपर्णी काढली आणि १ टक्का कोपऱ्यांत राहिली, तर सात वेळा दुप्पट झाली की ती १२८ पट होते. म्हणजे ८४ दिवसांच्या आत नदी पुन्हा भरली. कुणीही कामात कुचराई न करता हे होतं. अर्थात ही वाढ टिकायला खाद्य लागतं, आणि मुद्दा तिथेच आहे.

सोंडकिडे आणि त्यांची मर्यादा

१९८२ मध्ये भारताने दुसरा मार्ग घेतला. फ्लोरिडातून निओकेटिना या प्रजातीचे दोन सोंडकिडे बेंगळुरूला आणले. आपल्या धान्यातल्या सोंड्यांसारखेच, पण हे जलपर्णीवरच जगतात. मोठे किडे पानं खरवडतात, अळ्या देठ पोखरतात. चाचण्या झाल्यावर १९८३-८४ पासून ते बेंगळुरूच्या तलावांत सोडले आणि तिथे चांगला परिणाम दिसला.

आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवरात १९९० च्या दशकाच्या मध्यापासून हेच किडे सोडले आणि १९९८-९९ च्या सुमारास जलपर्णी झपाट्याने कमी झाली. इथे थांबलात तर गोष्ट यशाची आहे. पण नंतर शास्त्रज्ञांमध्येच वाद झाला. एक गट म्हणाला, हे किड्यांनी केलं. दुसरा म्हणाला, १९९७-९८ च्या एल निनोमुळे पाऊस, लाटा आणि ढगाळ हवेचाही मोठा हात होता. तुलनेला किडे न सोडलेलं दुसरं व्हिक्टोरिया सरोवर कुणाकडे नव्हतं, त्यामुळे वाद सहज मिटेना. पुढे जलपर्णी पुन्हा आलीही.

दक्षिण आफ्रिकेत कोट्झी आणि हिल यांनी २०१२ मध्ये यातला एक महत्त्वाचा धागा पुढे आणला. पाण्यात नत्र आणि स्फुरद जास्त असेल तर झाड इतक्या वेगाने वाढतं की किड्यांनी खाल्लेलं भरून निघतं. तोच किडा कमी खाद्याच्या पाण्यात यशस्वी होतो, मैलापाण्यात हरतो. म्हणजे किडा चांगला की वाईट, हे सांगायला आधी पाणी कसं आहे ते सांगावं लागतं.

चालक की प्रवासी?

या सगळ्याला नाव मिळालं २००५ मध्ये. मॅकडूगल आणि टर्किंग्टन या दोघांनी कॅनडातल्या ओकच्या माळरानावर प्रयोग करून विचारलं: परक्या प्रजाती बदलाच्या चालक असतात की प्रवासी? चालक म्हणजे तीच गाडी हाकते, तिच्यामुळे परिसंस्था बिघडते. प्रवासी म्हणजे गाडी दुसरंच कुणी हाकतंय, ही फक्त आत बसलीये. तपासायची रीत सोपी आहे. परकी प्रजाती काढा आणि बघा. ती चालक असेल तर मूळच्या प्रजाती परत येतील. प्रवासी असेल तर फारसं काही होणार नाही. त्यांना तिथलं गवत काही प्रमाणात चालक, पण बऱ्याच अंशी प्रवासी आढळलं.

याचं उलट टोक समुद्रात सापडतं. थंड किनाऱ्यांवर केल्प नावाच्या मोठ्या तपकिरी शैवालांची पाण्याखाली जंगलं असतात. आपल्या कोकणच्या गरम पाण्यात ती नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियात १९८८ मध्ये जपानकडचं उंडारिया हे शैवाल सापडलं. जपानी जेवणात वाकामे म्हणून खातात तेच. ते तिथल्या जंगलाला गिळेल अशी भीती होती. व्हॅलेंटाइन आणि जॉन्सन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही ठिकाणी मूळच्या शैवालांचं छत काढून टाकलं, काही ठिकाणी तसंच ठेवलं. जिथे छत मोडलं तिथे उंडारिया दाट उगवलं, जिथे छत शाबूत होतं तिथे त्याला फारसं जमलं नाही. दार आधी कुणीतरी उघडलेलं होतं.

हे वाचल्यावर मला गाईडच्या पेन्सिलीची रेघ कळली.

आता पवना आणि इंद्रायणी

मग आपल्या नदीचं दार कधी उघडलं? तारखा एका ओळीत लावून बघू. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पाठोपाठ पिंपरी, चिंचवड, भोसरीत कारखाने. १९७० मध्ये नगरपालिका झाली. त्याच दशकाच्या सुरुवातीला वर मावळात पवना धरण पूर्ण झालं. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, म्हणजे बेंगळुरूला सोंडकिडे उतरले त्याच वर्षी. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १० लाख होती, २०११ मध्ये १७ लाखांच्या वर गेली. पलीकडे इंद्रायणीच्या उत्तरेला चाकणची एमआयडीसी आणि तिच्याभोवतीची गावं याच काळात वाढली.

आता नदीच्या बाजूने विचार करा. धरणामुळे पाणी ठरवून सुटतं. रावेतच्या बंधाऱ्यावरून शहर पिण्याचं पाणी उचलतं. ते पाणी घरांतून फिरून खाली नाल्यांमधून नदीत येतं, काही प्रक्रिया होऊन, काही तसंच. उन्हाळ्यात बंधाऱ्याच्या खाली वाहतं नैसर्गिक पाणी थोडं, आणि जे येतं त्यात नत्र-स्फुरद भरपूर. प्रवाह मंद, ऊन कडक. जलपर्णीला ब्राझीलमध्ये याहून चांगली मेजवानी मिळाली नसती. बंगालमध्ये रेल्वेच्या भरावांनी जे केलं, ते आपल्याकडे बंधारे आणि सांडपाण्याने केलं.

तर मग ती प्रवासीच, असं म्हणून मोकळं व्हायचं का? मीही काही महिने तसंच म्हणत होतो. ‘सगळा दोष सांडपाण्याचा’ हे वाक्य चहाच्या टपरीवर टाळ्या मिळवतं. पण तेही आधीच ठरवलेलं उत्तर आहे. जलपर्णीचा थर एकदा जमला की खाली उजेड पोचत नाही, पाण्यातली शैवालं आणि बुडलेल्या वनस्पती मरतात, हवेतून ऑक्सिजन मिसळणं कमी होतं, मुळांत गाळ अडकतो, प्रवाह आणखी मंदावतो. म्हणजे प्रवासी म्हणून चढलेली ही बाई थोड्या वेळाने स्टिअरिंगला हात लावते.

आणि काढून टाकण्यालाही अर्थ आहे, पण कुठे टाकली यावर. ओल्या जलपर्णीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं. उरलेल्या भागात तिने नदीतून शोषलेलं नत्र आणि स्फुरद असतं. ती लांब नेऊन खत केलं तर तेवढं खाद्य खरंच नदीबाहेर गेलं. काठावर ढीग लावून कुजू दिली तर पहिल्या पावसात परत नदीत. पुरात वाहून गेली तर मुळा-मुठा आणि भीमेमार्गे उजनीच्या दिशेने. म्हणजे प्रश्न खालच्या गावांच्या दारात नेऊन ठेवला.

आधीची नदी कशी होती?

बिघाड मोजायचा तर आधीची स्थिती माहीत हवी. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये याबद्दल इशारा दिला होता: प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणीची परिस्थिती हीच मूळची समजते. माझ्या वयाच्या माणसाने पवना जलपर्णीशिवाय क्वचितच पाहिलीये. माझ्या मनातली ‘चांगली नदी’ म्हणजे मे महिन्यात थोडी कमी भरलेली नदी.

इथे एक अनपेक्षित कागद मदतीला येतो. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनीचा लष्करी अधिकारी १८२० च्या दशकात दख्खनची पाहणी करत होता. त्याने इथल्या माशांवर लिहिलं, ते १८३९ ते १८४१ या काळात लंडनमध्ये छापलं गेलं. त्याने नव्याने नोंदवलेल्या माशांपैकी एक म्हणजे नुक्ता, ज्याच्या तोंडावर शिंगासारखा उंचवटा असतो. त्याची नोंद कुठली? चाकणजवळच्या इंद्रायणीची. आज तो मासा जागतिक पातळीवर संकटग्रस्त मानला जातो. साइक्सने अनेक माशांना शास्त्रीय नावं देताना इथलीच नावं वापरली: नुक्ता, कोळस, मुल्या, खुद्री. म्हणजे जगातल्या कुठल्याही मत्स्यसूचीत आपल्या नद्यांची बोली आजही छापलेली आहे. त्याच्या यादीत तिलापिया नाही, कारण तो आफ्रिकेचा मासा भारतात १९५२ मध्ये आणला गेला. चाकणचं नाव ऐकून आज गाड्या आठवतात, पण प्राणिशास्त्राच्या दफ्तरात ते एका माशाचं गाव आहे.

मग प्रश्न कसा लिहायचा

माझ्या सिनॉप्सिसचं शीर्षक आता बदललंय. ‘परिणाम’ गेला. आता प्रश्न असा आहे: पवनेच्या ज्या टप्प्यात सांडपाण्याचा नाला मिळतो त्याच्या वर आणि खाली, जलपर्णी काढलेल्या आणि न काढलेल्या जागी, पाण्यातला ऑक्सिजन, नत्र-स्फुरद आणि तळातले जीव तीन महिन्यांत कसे बदलतात? चार प्रकारच्या जागा झाल्या. जलपर्णी काढल्यावर नाल्याच्या वरची जागा सुधारली आणि खालची नाही, तर एक उत्तर. दोन्ही सुधारल्या तर दुसरं. कुठेच फरक पडला नाही तर तिसरं. तिन्हींपैकी काहीही आलं तरी लिहिण्यासारखं आहे, हे महत्त्वाचं.

तुम्हाला यात काम करायचं असेल तर साधनं हाताशी आहेत. २०१५ पासूनची सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात. त्यांत एक चौकट १० मीटरची, म्हणजे रुंद पात्रावरचे हिरवे पट्टे महिन्यागणिक मोजता येतात. त्याआधीच्या काळासाठी लँडसॅट आहे, पण त्याची ३० मीटरची चौकट पवनेसारख्या अरुंद नदीत काठाची झाडंही पकडते, तेव्हा जपून. १८८५ चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटिअर, कुकचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा आणि पुण्यातली हर्बेरियम यांना भेट द्या. आणि नदीवर आयुष्य काढलेल्या भोई मंडळींशी बोला. त्यांना वर्षं आठवत नसतील, पण ‘धरण झालं त्याच्या आधी’, ‘पूल बांधला त्या साली’ अशा खुणांनी ते अचूक सांगतात.

हे सगळं फक्त डिग्रीसाठी नाही. जलपर्णी काढायला दरवर्षी करदात्यांचा पैसा जातो. ती चालक असेल तर तो पैसा योग्य जागी जातोय. मुख्यतः प्रवासी असेल तर तोच पैसा नाल्यावर खर्च व्हायला हवा. १९२१ मध्ये देशातल्या सर्वात मोठ्या शास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखालीही ‘नष्ट कशी करायची’ एवढंच विचारलं गेलं, आणि शंभर वर्षांनी आपण तेच विचारतोय. पुढच्या फेब्रुवारीत घाटावर जाल तेव्हा फुलांचा फोटो जरूर काढा. मग शंभर पावलं वर चालत जा आणि कुठला नाला कुठे मिळतो ते वहीत लिहून ठेवा. मी माझं काम तिथूनच सुरू केलं.